दीड सुताचा ढाळ

सव्वासहाला मी जिमखान्याच्या मागच्या दाराचे कुलूप काढले. शनिवार होता. चार वर्षे रोज जे करीत आले होते, तेच त्या शनिवारीही केले. आधी दोन्ही खिडक्या उघडल्या. शेजारच्या कारखान्यातले माग चालू होते आणि त्यांची खटखट सामाईक भिंतीतून खोलीत येत होती. इचलकरंजीत राहणाऱ्याला ती ऐकू येत नाही. ती थांबली तरच ऐकू येते. मग टेबलावरची मेणकापडाची खोळ काढून घडी घातली. हिरव्या बनातीवरून ब्रश फिरवला, दाराकडून खिडकीकडे, एकाच दिशेने, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर थोडा चढवत. सोळाही बॉल ओल्या फडक्याने पुसून कोरडे केले. क्यूंच्या, म्हणजे खेळायच्या काठ्यांच्या, टोकांवरच्या चामडी टिकल्या बोटाने चाचपून पाहिल्या, खडूचे तुकडे कडेला मांडले आणि भिंतीवरच्या तक्त्यात आदल्या दिवशीचे आकडे भरले. स्वरूपा चौगुले, लांबचे सरळ फटके, शंभरात एक्क्याऐंशी.

हा तक्ता माझा अभिमान होता. पूल हा बिलियर्ड्ससारखा खेळ तेव्हा आमच्या गावात एस. टी. स्टँडजवळच्या टायरच्या दुकानावरच्या माडीत खेळला जाई. तिथे धूर असे, पैजा असत आणि कुणी कुणाला काही शिकवीत नसे. मी शारीरिक शिक्षणाची पदवी घेऊन, पुढे बंगळूरला सहा आठवड्यांचा प्रशिक्षकाचा अभ्यासक्रम करून आलेली होते. उभे कसे राहावे, क्यूखालचा हात कसा टेकवावा, कोपर कुठे असावे, नजर शेवटी कुठे ठेवावी, या सगळ्याचे मी बारा पाठ केले होते. स्वच्छ खोली, ठरलेली वेळ आणि क्रमाने शिक्षण मिळाले तर कुणालाही हा खेळ चांगला खेळता येईल, अशी माझी श्रद्धा होती. त्या गोष्टीला आता बावीस वर्षे झाली.

पावणेसातला वर्ग सुरू झाला. दोन नवे विद्यार्थी होते. त्यांना मी दाराच्या बाजूने समोरच्या कोपऱ्यातल्या पॉकेटात, म्हणजे भोकात, लांबचा फटका मारायला लावला. खिडकीच्या अंगाला भिंत इतकी जवळ होती की तिकडून क्यू मागे घेता येत नसे, म्हणून लांबचे सारे फटके दाराकडूनच मारावे लागत. दोघांचेही बॉल डावीकडे चुकले.

"पाठ सातवा," मी म्हटले. "लांबच्या फटक्यात नेम केसभर उजवीकडे धरायचा. आपला एक डोळा दुसऱ्यापेक्षा बलवान असतो. त्यामुळे सरळ रेघ आपल्याला सरळ दिसत नाही. आणि हळू मारायचं नाही. हळू मारलेला बॉल भरकटतो."

त्यांनी केसभर उजवीकडे धरले. बॉल गेले. दोघांचे चेहरे उजळले आणि मलाही नेहमीसारखे बरे वाटले. त्या पाठावर मी चार पानांचे टिपण लिहून बंगळूरच्या माझ्या गुरूंना पाठवले होते.

पण तो शनिवार अगदीच नेहमीचा नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला सामना होता, आणि त्यावर माझ्या वर्गाचे भवितव्य ठरायचे होते.

दहा दिवसांपूर्वी जिमखान्याचे सचिव भूपाल मगदूम माझ्याकडे आले होते. ते सुताचे व्यापारी, सरळ मनाचे, आवाज मोठा. त्यांनी आधी तक्ता वाचला, मग माझ्यासमोर खुर्ची ओढली.

"मॅडम, एक विचारू? राग मानू नका."

"विचारा."

"आपली मुलं इथं शंभरातले ऐंशी घालतात. सांगलीला गेली, पहिल्या फेरीत बाहेर. कोल्हापूरला गेली, पहिल्या फेरीत बाहेर. पुण्याला तर चहा यायच्या आत बाहेर. हे कसं काय?"

"परक्या ठिकाणी दडपण येतं, मगदूमसाहेब. मनाची तयारी कमी पडते."

"दडपण सूतबाजारातही असतं. म्हणून काय वीस नंबरचं जाडं सूत चाळीसचं बारीक दिसत नाही." त्यांनी खुर्ची आणखी पुढे ओढली. "रमीवाल्या सभासदांना पत्त्यांसाठी ही खोली हवी आहे. कमिटीत तिघे त्यांच्या बाजूचे आहेत. मी अजून कुणाच्याच बाजूचा नाही. माझं म्हणणं एवढंच की हा खेळ शिकवून येतो का, ते एकदा बघू. त्या टायरवाल्याच्या माडीत रमजान गवंडी म्हणून एक फरशीवाला खेळतो. जन्मात कुणाकडे शिकलेला नाही. तुमची सगळ्यांत चांगली विद्यार्थिनी आणि तो. सात डाव. स्वरूपा जिंकली तर वर्ग चालू, हरली तर तीस तारखेला बंद."

मी होकार दिला. मला स्वरूपाची खात्री होती. खात्री नव्हती ती तिच्या धैर्याची. स्वरूपा सहकारी बँकेत कारकून होती, चोवीस वर्षांची, हाताने स्थिर आणि स्वभावाने अबोल. आदल्या वर्षी कोल्हापूरच्या स्पर्धेत तिने लांबचे तीन सोपे फटके लागोपाठ घालवले. परतीच्या गाडीची वाट पाहत असताना ती म्हणाली होती, "बाई, मी घाबरट आहे. इथे सगळं येतं आणि तिथे हात जातो." मी तिला मन घट्ट करायला सांगितले होते. त्यानंतर ती एकाही स्पर्धेला गेली नाही. सुहास बेडकिहाळे नावाच्या एका मुलाला तर, तो चार स्पर्धा हरल्यावर, मी स्वच्छ सांगितले होते की हा खेळ तुझ्या प्रकृतीचा नाही. त्याने स्वतःची क्यू विकून टाकली.

वर्ग संपवून मी खोळ घालणार, तोच दारात एक गृहस्थ उभे राहिले. पन्नाशीचे, अंगाने बारीक, नखांत सिमेंटची पांढरी रेघ. चपला त्यांनी उंबऱ्याबाहेरच काढल्या होत्या.

"बाई, येऊ का? मी रमजान गवंडी. उद्याच्याला खेळायचं हाय न्हवं, तवा म्हटलं जागा बघून घ्यावी. कामाआधी जागा बघतोच मी."

"या ना, रमजानभाई. क्यू हवी?"

"कंची बी चालंल."

त्यांनी क्यू घेतली, पण खेळायला सुरुवात केली नाही. आधी टेबलाभोवती एक फेरी मारली, मग उलट्या दिशेने दुसरी. पांढरा बॉल दाराकडच्या कडेला ठेवून बोटाच्या टोकाने ढकलला, इतका अलगद की तो समोरच्या कडेपर्यंत जेमतेम पोचावा. ते खाली उकिडवे बसले, हनुवटी टेबलाच्या कडेला लावली आणि त्याच्याकडे पाहत राहिले. मग आडव्या दिशेने तसेच. मग चारी कोपऱ्यांतून. दहा मिनिटे हेच चालले होते. मनात मी हसत होते. माझ्या बारा पाठांत बॉल बोटाने ढकलण्याचा पाठ नव्हता.

शेवटी ते उभे राहिले आणि खेळू लागले, आणि मी त्यांच्या चुका मोजू लागले. पाय जवळ. डोके उंच. कोपर कोंबडीच्या पंखासारखे बाहेर. क्यू दर वेळी निराळ्या जागी धरलेली. सातव्या चुकीपर्यंत मी पोचले होते, तेवढ्यात त्यांनी तो फटका मारला.

काळा आठ नंबरचा बॉल समोरच्या डाव्या कोपऱ्यात घालायचा होता. वाटेत पट्ट्यांचा एक बॉल बरोबर आडवा होता. सरळ रस्ता नव्हताच. मी असते तर कडेवर आपटवून घेतला असता आणि दहातून तीनदा साधला असता. रमजानभाईंनी पांढऱ्या बॉलच्या धक्क्याने काळ्याला त्या अडथळ्याच्या उजव्या बाजूने, जवळजवळ चुकीच्या दिशेने, हलकेच सोडले. इतका हळू की वाटले हा अर्ध्यातच थांबणार. तो अडथळ्याला चिकटून पुढे गेला. पुढे गेल्यावर त्याची वाट वाकू लागली. कुणी लहान मुलाचे बोट धरून वळवावे तसा तो डावीकडे वळत गेला, आणखी हळू झाला, आणखी वळला, आणि पॉकेटच्या ओठावर क्षणभर टेकून आत पडला.

फिरकी दिलेला पांढरा बॉल वळतो, हे मला माहीत होते. पण ज्याला क्यू लागलेलीच नाही असा बॉल, कसलीही फिरकी नसताना, दुसऱ्याला वळसा घालून जातो, हे मी बंगळूरलाही पाहिले नव्हते.

"पुन्हा माराल?"

त्यांनी बॉल होते तसे ठेवले आणि पुन्हा मारला. पुन्हा तोच वळसा, तोच ओठ, तोच आवाज. तिसऱ्यांदा अडथळा वीतभर सरकवला, तर त्यांनी वळसाही तेवढाच सरकवला.

"रमजानभाई, हे कसं केलंत? कसली फिरकी आहे ही?"

"फिरकीबिरकी मला येत न्हाई, बाई. ढाळ हाय की."

"कसला ढाळ?"

ते हसले. "माजी परीक्षा घ्यायलासा व्हय? टेबलाचा ढाळ. ह्या अंगाला. मागाच्या भिताडाकडं, डावीकडं."

त्यांना वाटले असावे की मला उत्तर पुरेसे वाटत नाही. ते समजावून सांगू लागले.

"महिनाभर मागच्या न्हाणीघरात फरशी बसवत हुतो न्हवं मी? ही खिडकी तिकडंच उघडती. रोज ऐकायचो. 'केसभर उजवीकडं धरा, हळू मारू नका.' म्हटलं, बाई लई हुशार. ढाळाचं टेबल मुद्दाम ठिवलंय आन् त्यावर पोरं तयार करत्यात. सपाटावर कोण बी खेळंल."

"तो ढाळ नाही, रमजानभाई. तो डोळ्याचा दोष आहे."

हे वाक्य मी उच्चारले, एवढे मला स्पष्ट आठवते. त्यावर ते हसले नाहीत. क्षणभर माझ्याकडे पाहून त्यांनी क्यू टेबलाला टेकवली आणि बाहेर गेले. त्यांच्या एम-एटी मोपेडला गोणपाटाची पिशवी अडकवलेली होती. तिच्यातून त्यांनी पारदर्शक नळीचे वेटोळे आणले. गवंडी लोक पातळी पाहायला वापरतात ती नळी. आत पाणी भरायचे, दोन टोके दोन ठिकाणी धरायची, पाणी दोन्हीकडे एकाच उंचीवर थांबते. त्यांनी दोन फूटपट्ट्या काढल्या. एक माझ्या हातात दिली.

"ह्या कडंला उभी धरा. बनातीवर टेकवून. दाबू नगा."

टेबलाच्या एका अंगाला मी उभी, दुसऱ्या अंगाला ते. नळी आमच्या दोघांच्या मध्ये झोक्यासारखी लोंबत होती. पाणी आधी वरखाली झाले. मग त्याचा हेलकावा कमी होत गेला. मागांच्या हादऱ्याने त्यावर बारीक थरथर होती, तेवढीच उरली, आणि पाणी थांबले. मी माझ्या पट्टीवरचा आकडा वाचला. त्यांनी त्यांचा वाचला.

"दीड सूत," रमजानभाई म्हणाले. गवंड्यांच्या मापात एका इंचाची आठ सुते होतात. "चार फुटांत दीड सूत. न्हाणीघराला आमी एवढाच देतो, पानी निगून जायला."

"टेबल बसवताना पातळी पाहिली होती. माझ्यासमोर पाहिली होती."

"तवा असंल की बरुबर. त्या भिताडापलीकडं माग हायेत, बाई. चार वर्सं जिमीन हादरतीया. त्या अंगाचे पाय बसले खाली. कुणाची चूक न्हाई ती."

मी फूटपट्टी धरून तशीच उभी राहिले. दहा मिनिटांत, एका बोटाने, या माणसाने माझे टेबल वाचले होते. मी चार वर्षे त्यावरून रोज सकाळी ब्रश फिरवला होता. बॉल डावीकडे जातो हे मलाही पहिल्याच वर्षी दिसले होते. पण टेबलाकडे संशयाने पाहण्याऐवजी मी माणसांच्या डोळ्यांकडे पाहिले, आणि त्याचा पाठ केला. हळू मारलेला बॉल भरकटतो हेही मला दिसले होते. त्याचीही मी मनाई केली होती. माझ्या विद्यार्थ्यांनी माझा शब्द खाली पडू दिला नाही. ते सांगलीला, कोल्हापूरला, पुण्याला गेले, तिथल्या सपाट टेबलांवर त्यांनी निष्ठेने केसभर उजवीकडे नेम धरला, आणि ते उजवीकडे चुकले. मग गाडीत माझ्याशेजारी बसून त्यांनी माझ्याकडून ऐकले की तुमचे मन कच्चे आहे.

"हे सरळ करता येतं?" मी विचारले.

"येतंय की. पायाखाली पत्र्याच्या चकत्या सारायच्या. तासाभराचं काम." त्यांनी नळीतले पाणी बाहेरच्या कुंडीत सोडले. "पर आज नगा करू, बाई."

"का?"

"उद्या डाव हाय. तुमची पोरगी ह्याच ढाळावर तयार झालीया. आज सपाट केलासा तर उद्या तिचा नेम जाणार. ऱ्हाऊ दे की. सोमवारी येतो, करून देतो."

"आणि उद्या तुम्ही हरलात तर?"

"माजं काय जातंय? सोमवारी मला फरशीच बसवायची हाय."

ते खरेच मनापासून बोलत होते. त्या ढाळावर स्वरूपाचा हात चार वर्षे बसलेला होता. रमजानभाईंची तर पहिलीच सकाळ. ढाळ तसाच राहिला असता तर ती जिंकली असती, असे मला तेव्हाही वाटले आणि आजही वाटते. वर्ग वाचला असता. सोमवारी टेबल सरळ झाले असते आणि पुढचे सगळे मी योग्य शिकवले असते. या विचारात दोष सापडेना. मी खिडकीशी जाऊन उभी राहिले. न्हाणीघराची नवी फरशी तिथून दिसत होती, सांध्याला सांधा मिळालेली. फक्त एक गोष्ट जमत नव्हती. स्वरूपा उद्या जिंकली, तर ती कशामुळे जिंकली हे मला माहीत असणार होते आणि तिला नसणार होते.

"रमजानभाई, आत्ताच करू."

"बगा हां."

"बघितलं."

बॅडमिंटन खेळून परतणारे दोघे सभासद आणि पहारेकरी असे हात गोळा झाले. पहारीने पाय उचलायचा, रमजानभाईंनी कातरलेली पत्र्याची चकती सारायची, पाणी पाहायचे. पुन्हा उचलायचे. त्यांनी सांगितलेला तास दीडावर गेला, कारण त्यांना अर्ध्या सुतावर समाधान नव्हते. अखेर दोन्ही फूटपट्ट्यांवर पाणी एकाच रेघेला थांबले. त्यांनी पांढरा बॉल माझ्या हातात दिला.

"तुमी सोडा."

मी दाराकडून तो बोटाने ढकलला, त्यांनी ढकलला होता तसाच अलगद. तो निघाला. मी त्याच्याबरोबर चालत गेले. मधल्या खुणेवरून गेला, समोरच्या कडेला टेकला आणि आल्या वाटेने परत फिरला. डावीकडे नाही, उजवीकडे नाही. दीड हातावर येऊन तो थांबला. आपण आखलेल्या रेघेवर एक निर्जीव वस्तू इतकी निमूट चालते, यात विशेष काही नाही. तरी मी बॉल उचलून पुन्हा एकदा तसाच सोडला. चार वर्षांत ते टेबल मी पहिल्यांदा पाहत होते.

मग रमजानभाईंनी काही फटके मारून पाहिले. हळू मारलेले सगळे गेले. जोरात मारलेले लांबचे दहातून पाच चुकले. ते मान हलवून हसू लागले.

"ढाळावर सांभाळून घेतो मी. सरळ मारायला मातर कुणी शिकवलंच न्हाई."

"कोपर, रमजानभाई. तुमचं कोपर बाहेर..."

"थांबा!" त्यांनी क्यू घाईने ठेवून दिली, जणू ती तापलेली होती. "आज नगा सांगू. उद्या मी न शिकलेला गडी म्हणून खेळणार हाय. आज शिकलो तर मगदूमसाहेबास्नी फशिवल्यागत हुईल. सोमवारी सांगा."

बँक शनिवारी अर्धा दिवस असे. दोनला स्वरूपा आली. तिला मी बसवले आणि क्रमाने सगळे सांगितले: ढाळ, पाठ सातवा, सकाळचे काम. तिने सगळे ऐकून घेतले. शेवटी म्हणाली,

"म्हणजे कोल्हापुरात मी घाबरले नव्हते?"

"नाही. मी शिकवलं होतं तसंच तू खेळलीस."

ती उठली, टेबलाच्या कडेवरून हात फिरवीत खिडकीपर्यंत गेली आणि माझ्याकडे पाठ करून उभी राहिली. मला वाटले ती निघून जाईल. तसे केले असते तरी मी तिला अडवले नसते.

"वर्षभर मी आरशात बघून स्वतःला समजावत होते, बाई," ती तशीच म्हणाली. "दीर्घ श्वास घे, देवाचं नाव घे. आई म्हणायची, एवढ्या साध्या खेळाला काय घाबरतेस." मग ती वळली. "बाकीच्यांना सांगितलंत?"

"अजून नाही."

"सुहासला?"

मी नकारार्थी मान हलवली. तिने क्यू काढली. खडू घेतला आणि दाराच्या बाजूने लांबचा फटका मारायला उभी राहिली. पहिले सहाही बॉल उजवीकडे चुकले.

"नेम सरळ धर."

"सरळच धरतेय. हात ऐकत नाही."

संध्याकाळपर्यंत तिने दीडशे फटके मारले. शेवटच्या वीसांत अकरा गेले.

रविवारी सामन्याआधी मी मगदूमसाहेबांना बाजूला घेऊन सर्व सांगितले. ते ऐकत राहिले, मग कपाळाला हात लावला. "मॅडम, हे आधी कशाला सांगितलंत? असलं कारण हरल्यावर सांगायचं असतं." तरी त्यांनी ते जमलेल्या तीस-चाळीस सभासदांना जसेच्या तसे सांगितले, आणि सामना सुरू झाला.

स्वरूपा चार विरुद्ध दोन डावांनी हरली. पहिल्या दोन डावांत तिचा हात दर वेळी जुन्या सवयीने उजवीकडे ओढला जात होता. तिसऱ्यात तो थोडा मोकळा झाला. चौथा आणि पाचवा तिने घेतला. सहाव्यात काळ्या बॉलवर तिला लांबचा सरळ फटका आला, समोरच्या डाव्या कोपऱ्यात. तिने नेम धरला, एकदा उठून पुन्हा वाकली, आणि मारला. बॉल पॉकेटच्या डाव्या ओठावर आपटून बाहेर आला. रमजानभाईंनी तो नंतर हळूच आत सोडला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. रमजानभाई तिच्यापुढे हात जोडून उभे होते, जणू काही चूक झाली होती.

मी स्वरूपाजवळ गेले. तिचे डोळे भरलेले असतील असे मला वाटले होते.

"डावीकडे चुकला, बाई," ती म्हणाली. "पाहिलंत ना? आजची चूक माझी स्वतःची."

आणि ती हसली. आज ती इचलकरंजीत स्वतः हा खेळ शिकवते; पण तिचा तेव्हाचा चेहरा मला जास्त लक्षात आहे.

मगदूमसाहेब अवघडले होते. "ठरलंय ते ठरलंय, मॅडम. तीस तारखेला."

"हो. ठरलंय ते ठरलंय."

"म्हंजे अजून सतरा दिस हायेत," मागून रमजानभाई म्हणाले. "बाई, उद्या सकाळी किती वाजता येऊ? कोपराचं सांगणार हुतासा."

"पावणेसातला," मी म्हटले. "वेळेवर या."

सगळे गेल्यावर मी कपाटातून वर्गाची नोंदवही काढून घरी आणली. चार वर्षांची एकेचाळीस नावे होती. स्वरूपाला सांगून झाले होते, चाळीस उरली. पत्ते होते. काही मुले नोकरीला पुण्याला गेली होती, दोघी लग्न होऊन गेल्या होत्या, एक सैन्यात होता. घरात शिल्लक राहिलेली पोस्टकार्डे होती, उरलेली कोपऱ्यावरच्या दुकानातून आणली, आणि जेवण न करता लिहायला बसले. मजकूर एकच होता. तरी प्रत्येक वेळी नव्याने लिहिला.

'लांबच्या फटक्यात नेम केसभर उजवीकडे धरायला मी तुम्हाला शिकवले, ते चूक होते. आपले टेबल दीड सुताने कलले होते आणि ते मला कळले नव्हते. बाहेरच्या स्पर्धांत तुम्ही घाबरून चुकला नाहीत. मी शिकवले ते तुम्ही नीट केलेत, म्हणून चुकलात. टेबल आता सपाट आहे. तीस तारखेपर्यंत रोज सकाळी मी तिथे असेन.'

सुहास बेडकिहाळेच्या कार्डावर आणखी दोन ओळी लिहिल्या. हा खेळ तुझ्या प्रकृतीचा नाही, असे म्हणण्याचा मला अधिकार नव्हता. क्यू नसेल तर माझी वापर.

साडेपाचला मी चाळीस कार्डे घेऊन स्टँडजवळच्या टपालपेटीपाशी गेले. ती एकदम आत जात नव्हती. म्हणून चार-चार घेतली, पत्ते एकदा वाचले, आणि आत सोडली.